भोक आजोबांनी पाडलं : नातीच्या शोधस्पर्धेचा हिशोब

गुण आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. स्पर्धेची वही : पाचपैकी पाच. परीक्षक : साडेचार. प्रदर्शनाच्या दिवसाची व्यवस्था : दोन. निकालानंतर मुलांना जे कळवलं ते : एक. पालक मंडळी : अर्धा, आणि त्या अर्ध्यातही माझा वाटा नाही. का नाही ते पुढे येईलच.

स्पर्धा शाळकरी मुलांची, आठ ते चौदा वयाची. हे विज्ञान प्रदर्शन नव्हे, आणि हा फरक मलाही सुरुवातीला कळला नव्हता. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी चालतो, सूर्यमाला चालते, माहीत असलेली गोष्ट नीट मांडली की झालं. इथे अट अशी की कुणाची तरी एक खरी अडचण हेरायची आणि ती सुटेल अशी वस्तू स्वतः करायची. ज्वालामुखीने कुणाची अडचण सुटल्याचं ऐकिवात नाही. स्पर्धेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत, आणि अशा स्पर्धांचा साचा बहुतेक सारखाच असतो : नोंदणी, वही, मॉडेल, छोटा व्हिडिओ, आणि एक दिवस टेबल मांडून परीक्षकांसमोर उभं राहणं.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. जिग, फिक्स्चर, डाय यांतच आयुष्य गेलं. जिग म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, तर थोडक्यात : ड्रिल नेमकं कुठे घुसायचं हे कामगाराच्या हातावर न सोडता आधीच ठरवून ठेवणारा साचा. नवशिक्याने भोक पाडलं तरी ते जागेवरच पडतं. हे इथे सांगायचं कारण, पाचवीतल्या माझ्या नातीने जी वस्तू केली ती खरं तर जिगच होती. ड्रिलच्या ऐवजी औषधाचा थेंब आणि जॉबच्या, म्हणजे ज्या वस्तूवर काम करायचं तिच्या, जागी तिच्या आजीचा डोळा. हे लक्षात आल्यापासून माझे हात शिवशिवायला लागले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्याचं असं झालं, हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन सोपं, नंतरचे थेंब अवघड. तीन बाटल्या, प्रत्येकीच्या वेळा वेगळ्या. एक औषध घातल्यावर दुसरं घालण्याआधी पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागता कामा नये, लागलं की जंतू बाटलीत. आणि हे सगळं करायचं थरथरत्या हाताने, मान मागे टाकून, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यात. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर औषध असतं, म्हणजे पाच मिलिलिटरच्या बाटलीत शंभरेक थेंब. आमच्याकडे त्यातले निम्म्याहून जास्त गाल, भुवई आणि उशीच्या वाट्याला. मी घालून देतो म्हटलं तर ही म्हणाली, "तुमचा हात म्हणजे पाना. नको."

नात शेजारी बसून बघत होती. स्पर्धेची वही तिला त्याच आठवड्यात मिळाली होती आणि वहीतलं पहिलं काम होतं : आठ दिवस कुणाच्या तरी अडचणीकडे नुसतं बघा, उपाय सुचवू नका, मोजा. तिच्या पहिल्या पानावर एवढंच आहे : "आजीचे थेंब. सोमवार सकाळ. प्रयत्न ७. डोळ्यात २, गालावर ४, एक कुठे गेला माहीत नाही." नोकरीत मी शिकल्यासवरल्या लोकांचे पुष्कळ रिपोर्ट वाचले. 'एक कुठे गेला माहीत नाही' असं लिहून मोकळा होणारा एकही भेटला नाही.

या वहीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण स्पर्धेत पैसे वसूल व्हावेत अशी हीच एक गोष्ट आहे. वही बांधीव, सुट्या पानांची नाही. पानांना क्रमांक मुलांनी पहिल्याच दिवशी घालायचे. लिहायचं पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ, खोडायचं नाही, पान फाडायचं तर नाहीच. प्रत्येक पानाखाली तारीख, मुलाची सही आणि घरातल्या एका मोठ्या माणसाची सही. शंभरातले तीस गुण या वहीचे. मॉडेल कसं दिसतं याला फक्त दहा. आमच्या वेळी टूलरूममध्ये ही शिस्त असती तर अर्धी भांडणं वाचली असती.

मार्गदर्शिकेत ही शिस्त कशासाठी हे सांगायला मार्गारेट नाइटची गोष्ट दिली आहे. अमेरिकेतली बाई. बारा वर्षांची असताना कापडगिरणीत कामाला होती, तिथे मागावरून धोटा उडून माणूस जखमी झालेला तिने पाहिला आणि तसं होऊ नये म्हणून एक जुगाड बसवलं. त्याचं पेटंटबिटंट काही घेतलं नाही, त्यामुळे ते नेमकं कसं होतं हेही आता कुणाला सांगता येत नाही. पुढे मोठेपणी तिने सपाट बुडाच्या कागदी पिशव्या बनवणारं यंत्र तयार केलं. त्याचं लोखंडी मॉडेल वर्कशॉपमध्ये बनत असताना एका माणसाने ते बघून घेतलं आणि स्वतःच्या नावाने पेटंटचा अर्ज ठोकला. बाई भांडायला उभी राहिली. तिने आपली ड्रॉइंग्ज, मॉडेलं, रोजनिशीतल्या नोंदी पुढे ठेवल्या आणि जिंकली. १८७१ साली पेटंट तिच्या नावावर झालं.

नातीने गोष्ट वाचली, वही बंद केली आणि म्हणाली, "म्हणजे ही साक्षीदार आहे." मी कौतुकाने मान हलवली. तो साक्षीदार माझ्याच विरुद्ध उभा राहणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पहिला नमुना माझ्या जुन्या चष्म्याचा. काचा काढून टाकल्या, एका डोळ्याच्या जागी जाड पुठ्ठ्याची चकती चिकटवली, चकतीला मधे भोक, भोकात बाटली उलटी खोचायची. चष्मा घातला, मान मागे टाकली, बाटली दाबली की थेंब सरळ डोळ्यात. कल्पना अशी की बाटली धरून ठेवायचं काम चष्म्याने करावं, हाताने फक्त दाबावं. तीन दिवस झकास चाललं, चौथ्या दिवशी पुठ्ठा ओलसर होऊन लोंबला आणि बाटली हिच्या नाकाच्या शेंड्याकडे तोंड करून बसली. वहीत नोंद : "पुठ्ठा नापास."

मग पुठ्ठ्याच्या चकतीच्या जागी तिने बरणीचं प्लॅस्टिकचं रुंद टोपण घेतलं. भोकाचं माप घ्यायला बाटलीशेजारी कंपासपेटीतली पट्टी धरली आणि लिहिलं, "२ सेमी." इथे माझ्या छातीत कळ आली. मी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं आमचं हत्यार, आणून बाटलीला लावलं : २१.४ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरच्या भोकात ही बाटली जन्मात जाणार नाही. पण मी तोंड बंद ठेवलं, फक्त व्हर्निअर तिच्या वहीशेजारी विसरल्यासारखं ठेवून आलो. तिने ते उचललं, उलटसुलट बघितलं आणि परत माझ्या कपाटात नेऊन ठेवलं.

कात्रीच्या टोकाने भोक पाडायच्या नादात दोन टोपणं तडकली. तिसरं टोपण टेबलावर ठेवून ती झोपायला गेली.

आता खरं काय ते सांगतो. रात्री साडेदहाला मी ते टोपण उचललं. व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात, लाकडाच्या दोन फळ्यांत धरलं, मध्य काढला, सेंटर पंचचा हलका ठोका दिला, तीनच्या ड्रिलने पायलट भोक, मग कडेकडेने भोकांची माळ, मधला तुकडा पाडला आणि पुढे अर्धगोल कानशीने हळूहळू मापावर आणलं. शेवटी कडेची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत कड, काढली. २१.६. बाटली आत सोडली तर 'सुक्' असा आवाज करून बसली. फिटर माणसाला तो आवाज काय असतो ते फिटरलाच कळेल. मी टोपण जिथल्या तिथे ठेवलं आणि निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप पहिल्यांदा लागली.

सकाळी तिने टोपण बघितलं. भोकातून माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मी आपला मार्गदर्शिकेतल्याच दुसऱ्या गोष्टीचा आधार घेतला. चेस्टर ग्रीनवुड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, १८७३ साल, अमेरिकेतल्या मेन राज्यात राहणारा. बर्फावर स्केटिंग करताना कान गारठायचे म्हणून त्याने तारेच्या दोन वळ्या केल्या आणि त्यांवर फर शिवायचं काम आजीकडून करून घेतलं. कानपट्ट्यांचं पेटंट त्याला १८७७ साली मिळालं, आजीने शिवलं म्हणून कुणी नाकारलं नाही. मी म्हटलं, "त्याच्या आजीने शिवून दिलं ते चालतं, मग तुझ्या आजोबांनी एक भोक पाडलं तर काय बिघडलं?"

ती म्हणाली, "त्याने आजीला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. तिने वही उघडली आणि पान अकरावर लिहिलं : "भोक आजोबांनी पाडलं. मी झोपले होते." तारीख घातली, खाली स्वतःची सही केली आणि वही माझ्यासमोर सरकवली. मोठ्यांची सही. केली बापडी.

त्या दिवशी तिने चौथं टोपण आणलं आणि मला रीतसर कामावर घेतलं : व्हाइस आवळायचं, टोपण धरायचं, बोलायचं नाही. हँडड्रिल तिने फिरवलं. मधे ड्रिल सटकलं, भोक लंबगोल झालं, एका बाजूने चोवीसच्या वर गेलेलं. मी बोललो नाही. बाटली त्यात खुळखुळली. ती अर्धा तास नुसती खुळखुळवत बसली आणि मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून भोकावर ताणून चिकटवला, त्याला अधिक चिन्हासारखी चीर दिली. बाटली चिरेतून आत घातली की रबर चारी बाजूंनी तिला पकडतं.

गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी एक औषध बदलून दिलं, नवी बाटली बारीक निघाली. माझ्या २१.६ च्या सुबक भोकातून ती खाली हिच्या डोळ्यावर पडता पडता राहिली. नातीच्या वाकड्या भोकातल्या रबराने ती बाटली धरली, जुनी धरली, तिसरीही धरली. मी आयुष्यभर एका मापाच्या एका जॉबसाठी जिगं केली, हजार नग एकसारखे. घरात हजार नग एकसारखे नसतात हे मला कधी सुचायचं कारणच नव्हतं. या प्रयोगाची नोंद पान सोळावर आहे, तिथेही माझी सही आहे.

आणखी एक गोष्ट तिने शोधली ती मला फार आवडली. बाटली जागेवर असूनही ही ऐन वेळी डोळा मिटायची. समोरून टोक येताना दिसलं की पापणी आपोआप मिटते, त्यात कुणाचा दोष नाही. नातीच्या लक्षात आलं की आजी पंख्याकडे बघत असते तेव्हा थेंब बरोबर पडतो. म्हणून तिने टोपणाच्या वरच्या कडेला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं. "आजी, त्या भोकातून पंख्याचं पातं शोध, मग दाब." नजर वर जाते, बाटली नजरेआड राहते, खालची पापणी मोकळी होते. पान तेवीस : "प्रयत्न ७. डोळ्यात ६. एक पापणीवर, कारण मांजर आलं."

इथवर सगळं आनंदात. मग वहीतला तो भाग आला ज्याचं शीर्षक आहे, 'हे आधी कुणी केलंय का?' हा भाग सक्तीचा आहे आणि तो तसाच असावा. तिच्या आईने इंटरनेटवर शोधायला मदत केली. पंधरा मिनिटांत निघालं की थेंब नीट घालायला मदत करणारी साधनं बाजारात मिळतात, आणि काहींना नजर वर ठेवायला बारीक भोकसुद्धा असतं. नातीने वही दप्तराच्या तळाशी टाकली. रात्री जेवली नाही धड. मोठा माणूस असता तर 'हे काही दिसलंच नाही' म्हणून पुढे गेला असता.

स्पर्धेच्या बाजूने बोलायचं तर मार्गदर्शिकेने हा प्रसंग गृहीत धरलेला आहे. तिथे स्पष्ट लिहिलंय की सापडलं तर थांबू नका, सापडलेल्याची आणि तुमच्या वस्तूची तुलना लिहा. पेटंटच्या कसोट्याही मुलांच्या भाषेत सांगितल्या आहेत : वस्तू नवी हवी, उपयोगी हवी, आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नको. जुन्या गोष्टीत केलेली सुधारणाही या कसोट्यांना उतरू शकते. एक सूचना मात्र शेवटच्या पानावर बारीक टायपात दडवली आहे, ती खरं तर पहिल्या पानावर हवी : पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी वस्तू सगळ्यांसमोर मांडली की बऱ्याच देशांत तिचं 'नवेपण' संपतं. मुलांना प्रदर्शनात उभं करणाऱ्या स्पर्धेने हे मोठ्या अक्षरांत सांगायला नको का?

मी तिला लुई ब्रेलचं सांगितलं. वडिलांचा घोड्याच्या खोगीर-लगामांचा कारखाना. तीन वर्षांचा असताना तिथे खेळताना आरी डोळ्यात गेली, पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्याला बार्बिए नावाच्या गृहस्थाची ठिपक्यांची लिपी मिळाली, एका खुणेला बारापर्यंत ठिपके. बोटाच्या टोकाखाली ते एकदम मावायचे नाहीत, बोट वरखाली करावं लागायचं. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, या पोराने ते सहावर आणले. बोट ठेवलं की अक्षर कळलं. उठवलेल्या ठिपक्यांची कल्पना दुसऱ्याची, पण बोटाला काय मावतं हे त्यालाच माहीत होतं, कारण वाचणारं बोट त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी वही दप्तरातून वर आली. तिची तुलना अशी : "त्यांचं साधन बाटलीला लावतात. माझं आजीला लावतात. त्यांचं एका हाताने धरावं लागतं. माझं नाकावर बसतं, म्हणून आजी एका हाताने दाबते आणि दुसऱ्या हाताने थरथरणारा हात धरते." हे शेवटचं वाक्य माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. रोज बघत होतो.

प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. सकाळी आठला बोलावलं, परीक्षक साडेअकराला आले. टेबलं दाटीवाटीने, प्लग पॉइंट चार आणि वीज लागणारी मॉडेलं वीसच्या वर, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डांवरून पालकांत जुंपली. लहान गट आणि मोठा गट एकाच रांगेत, आठ वर्षांची पोरं दुपारपर्यंत पेंगली. प्रत्येकाला दहा मिनिटं म्हणाले होते, दुपारनंतर ती पाचावर आली. सकाळच्यांना दहा आणि दुपारच्यांना पाच हा सरळ अन्याय आहे, वेळ कमी पडणार हे मुलं मोजल्यावर कळत नाही का?

आमच्या शेजारच्या टेबलावर चकाचक मॉडेल होतं. सेन्सर, मोटार, लेझरने कापलेले भाग, मागे छापील फलक. मुलगा गोड होता, पण प्रश्न विचारला की आधी मागे बघायचा. मागे वडील. परीक्षकांनी विचारलं, "हा भाग असा का केलास?" वडील म्हणाले, "आम्ही ॲक्च्युअली दोन मटेरियल ट्राय केली..." परीक्षक बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही चहा घेऊन या." मी खूष होऊन हसलो. आणि मग पान अकरा आठवलं आणि हसू तिथल्या तिथे वाळलं.

पलीकडे एक तिसरीतला पोरगा होता. त्याच्या धाकट्या बहिणीची बोटं टेबलाच्या खणात चेंगरायची, म्हणून त्याने जुन्या स्लिपरच्या रबराचे दोन तुकडे खणाच्या कोपऱ्यांत आतून बसवले होते. खण बंद केला की बोटभर फट राहायची, आणि मोठ्या माणसाने जोर दिला की पूर्ण बंद. बस. परीक्षकांनी तो खण दहा वेळा आपटला. शेवटच्या वेळी स्वतःचं बोट घालून. लहान गटात पहिला तोच आला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या आम्ही वाजवल्या.

आमच्या टेबलावर त्याच परीक्षक बाई आल्या. साडेचार गुण दिलेत ते त्यांच्यासाठी. त्यांनी आधी स्वतःचा चष्मा काढून खाली ठेवला, नातीचा घातला, पाणी भरलेली बाटली रबरात खोचली आणि भर गर्दीत मान मागे टाकून दाबली. थेंब डोळ्यात. डोळा पुसत म्हणाल्या, "भोकातून बघायचं कसं सुचलं?" नातीने पंख्याची हकिकत सांगितली. मग त्यांनी वही उघडली, पहिलं पान नाही, मधलंच कुठलं तरी. थोडं वाचलं आणि हसायला लागल्या.

"हे आजोबा कोण?"

नातीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी भिंतीकडे बघत होतो.

"मग ते टोपण कुठे आहे?"

"घरी आहे. ते छान आहे, पण ते आजोबांचं आहे. हे माझं."

"आजोबांचं भोक जास्त गोल आहे?"

"हो. पण त्यात एकच बाटली बसते."

बाईंनी काहीतरी लिहिलं. जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "सही केलीत हे बरं केलंत." एवढंच. हा शेरा होता की शिक्षा, हे मी अजून ठरवतो आहे.

नातीचा नंबर आला नाही. पुढच्या फेरीत गेली नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मोठ्या गटात खरोखर दोन-तीन वस्तू आमच्यापेक्षा सरस होत्या. तक्रार वेगळी आहे. तीन महिने मुलांकडून पानापानावर नोंदी करून घेतल्या, प्रत्येक नापास पुठ्ठ्याचं कारण लिहायला लावलं, आणि निकालानंतर मुलांना काय मिळालं? प्रमाणपत्र, त्यावर नावात एक वेलांटी चुकीची. गुण कुठे गेले, परीक्षकांनी काय लिहिलं, काहीही नाही. मी मेल करून गुणपत्रक मागितलं, उत्तर आलं की ते गोपनीय असतं. आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला तर सोबत चिठ्ठी यायची : कुठलं माप, किती चुकलं. चिठ्ठीशिवाय रिजेक्ट आलेला जॉब आम्ही स्टोअरला परत पाठवायचो. म्हणून एक गुण. तोही त्या बाई जाता जाता काहीतरी बोलल्या त्याचा.

व्हिडिओची अट काढून टाकावी असं माझं मत आहे. तीन मिनिटांचा व्हिडिओ कुठल्या घरात दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने केला असेल ते मला दाखवा. आमचा तिच्या मामाने केला, आणि खाली संगीत घातलं. नातीने वहीत तेही लिहिलं.

भाग घ्यावा का, असं कुणी विचारलं तर घ्यावा. पण मूल जेमतेम आठाचं असेल तर थांबा, कारण त्या वयात वही मूल लिहीत नाही, आई लिहिते. आणि घरात हत्यारं चालवणारा कुणी असेल तर त्या तीन महिन्यांपुरती कपाटाची किल्ली मुलाकडे द्या.

हिचे थेंब केव्हाच संपले. चष्मा आता वरच्या मजल्यावरच्या आजींकडे असतो, त्यांचं काचबिंदूचं औषध आहे, ते रोजचंच. त्यांची बाटली चौकोनी आहे. रबराने तीही धरली.

पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू झाली आणि नवी वही घरी आली. पहिल्या पानावर दिसलेल्या अडचणी लिहायच्या असतात. काल टेबलावर उघडी पडली होती म्हणून डोकावलो. क्रमांक एक : "आजोबा न विचारता वस्तू दुरुस्त करतात. सोमवारपासून मोजणे." खाली मोठ्यांच्या सहीची जागा रिकामी ठेवली होती.